यंत्र वाजलं म्हणून अंगावरचं दूध तोडू नका

ताई, नमस्कार.
आम्ही उंड्रीला राहतो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, नातू अडीच महिन्यांचा आहे. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी. बिहारमध्ये आयांच्या दुधात युरेनियम सापडल्याची बातमी लेकीने वाचली आणि तिने धसका घेतला. जावयांनी रेडिएशन मोजायचं एक छोटं यंत्र ऑनलाइन मागवून दिलं. ते बाल्कनीत 0.12 दाखवतं, पण स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ नेलं की 0.17, 0.18 होतं. मागच्या मंगळवारी रात्री वळवाचा पाऊस आला आणि ते वाजायलाच लागलं, 0.23 वर गेलं. त्यातच कुठेतरी अणुकेंद्रात गळती झाल्याचा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला. खिडक्या लावून आम्ही सगळे आतल्या खोलीत बसून राहिलो. त्या रात्रीपासून लेक बाळाला अंगावर पाजत नाही. पावडरचं दूध देतो, पाणी उकळून घेतो. जावई आयोडीनच्या गोळ्या मागवतो म्हणतात. मी काही बोलले की लेक रडते. काय करू?
एक आजी, उंड्री

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाळंतिणीच्या खोलीत अशी भीती शिरली की घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षं काढली, त्यामुळे तुमच्या पत्रातला पाण्याचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे. पण तो थोडा वेळ बाजूला ठेवू. आधी बाळाचं बघू.

लेकीला आजच्या आज बाळाला परत अंगावर घेऊ द्या.

हे मी समजूत काढायला म्हणत नाही. हिशोब करून बघा. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम आहे आणि लेक ते पाणी पिते आहे. पोटात गेलेल्या युरेनियमचा शंभरातला एखाद-दुसरा भागच आतड्यातून रक्तात जातो, बाकीचं शौचावाटे निघून जातं. रक्तात गेलं त्यातलंही बरंचसं मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. दुधात उतरतं ते अगदी थोडं. म्हणजे बाळासाठी तुमची लेकच गाळणी आहे. आता पावडरचं दूध बघा. पाच किलोच्या आसपास वजनाचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, आणि पावडरच्या दुधात बहुतेक सगळं पाणीच असतं. ते पाणी कुठलं? त्याच बोअरचं. ज्या पाण्याला घाबरून आपण आईचं दूध बंद केलं, तेच पाणी मधली गाळणी काढून थेट बाळाला पाजतोय. आणि समजा, पाण्यात युरेनियम नाहीच, तर मग दूध तोडलं कशासाठी? कुठूनही मोजा, अंगावरचंच दूध बरं.

लेकीला हे एवढंच सांगा. कागदावर दोन ओळी लिहून तिच्यासमोर धरा हवं तर. तिला घाबरू नकोस म्हणून उपयोग नाही, ती बाळापायी घाबरली आहे. तिला हिशोब दाखवा.

उकळण्याबद्दल. पाणी उकळून जंतू मरतात, धातू मरत नाही. उलट पाणी आटतं आणि जे विरघळलेलं आहे ते उरलेल्या पाण्यात दाट होतं. तरीही उकळणं सोडू नका, कारण बाटलीच्या दुधात खरा धोका जंतूंचा आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडे आणि त्यातल्या जंतूंकडेच गेलं होतं. ते दिवस आपण सगळे विसरत चाललोय. बोअरच्या पाण्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे नायट्रेट. ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्या पाण्यातली पावडर तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. नायट्रेटही उकळून जात नाही. म्हणून दूध परत नीट येईपर्यंत एखाददुसऱ्या वेळेला पावडर द्यावीच लागली, तर आरओचं पाणी घ्या आणि तेच उकळा. आरओची जाळी युरेनियम आणि नायट्रेट दोन्ही बऱ्याच अंशी अडवते. साधा कँडलचा फिल्टर, यूव्ही, तुरटी यांनी ते काम होत नाही.

पान्हा आटला असेल या भीतीने लेक आणखी खचेल. आठवडा-दहा दिवसांच्या खंडाने दूध कायमचं जात नाही. बाळाला वरचेवर लावायचं, अंगाला अंग लावून घ्यायचं, मधल्या वेळी हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. पहिले दोन-तीन दिवस बाळ चिडेल, बाटलीची सवय लागली असेल. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करा, स्तनपानाचं समुपदेशन करणारी कुणी त्यांच्या ओळखीत असते. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू जरूर द्या, पण त्याहून जास्त उपयोग तिला सलग तीन तास झोप मिळण्याचा होईल. रात्रीचं एक वेळचं बाळ तुम्ही घ्या.

आता ती बिहारची बातमी. अभ्यास खरा आहे, 2025 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. बिहारच्या सहा जिल्ह्यांतल्या 40 मातांच्या दुधाचे नमुने घेतले होते. सगळ्यांत युरेनियम सापडलं, सर्वांत जास्त आकडा लिटरमागे 5.25 मायक्रोग्रॅम. बाळांच्या मूत्रपिंडांना त्याचा त्रास होऊ शकेल का याचा हिशोब त्यांनी मांडला आणि काळजी व्यक्त केली. बातमी इथपर्यंत तुमच्या घरी पोचली. पुढचं वाक्य पोचलं नाही: अंगावर पाजणं थांबवू नका, असं त्याच संशोधकांनी सांगितलं. मला या बातम्यांचा राग येतो तो यासाठीच. मथळ्यात दूध आणि युरेनियम हे दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि आईने काय करायचं ते शेवटच्या परिच्छेदात टाकायचं, तिथवर किती जणी वाचतात?

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत: दुधातलं युरेनियम, पिंपाशी वाढणारा आकडा आणि पावसात वाजलेला गजर. तिघांची कारणं वेगळी आहेत.

पिंप कुठे ठेवलंय? ओट्यावरच असणार, आणि ओटा ग्रॅनाइटचा. एक करून बघा. पिंप उचलून जमिनीवर ठेवा आणि यंत्र रिकाम्या ओट्यावर ठेवा, दहा मिनिटं हलवू नका. आकडा तेवढाच राहील असं मला वाटतं. मग पिंप बाल्कनीत नेऊन ठेवा आणि यंत्र त्याला टेकवा. आकडा बाल्कनीचाच येईल. ग्रॅनाइटमध्ये निसर्गतःच थोडं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असतं, यंत्राला ते जाणवतं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात ते त्या मानाने बरंच कमी. त्या ओट्यावर पोळ्या लाटायला काही हरकत नाही, जगभर लोक लाटतात.

पाण्यातलं युरेनियम मात्र या यंत्राला दिसतच नाही. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा तोच. बरोबर 30 मायक्रोग्रॅम असलेलं एक लिटर पाणी घेतलं तर त्यातल्या युरेनियमचा सेकंदाला एक अणूसुद्धा फुटत नाही. तो फुटून बाहेर पडणारा अल्फा किरण पाण्यातच विरतो, पिंपाच्या भिंतीपर्यंतही पोचत नाही. आपल्या अंगात जे पोटॅशियम असतं त्याचे मोठ्या माणसाच्या शरीरात सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. पाण्यातल्या युरेनियमची मर्यादा मुळी किरणांच्या भीतीने घातलेली नाही, ती मूत्रपिंडासाठी आहे. शिसं किंवा कॅडमियम जसं जड धातू म्हणून त्रास देतं, तसाच हा त्रास. म्हणून यंत्र पिंपाशी वाजलं तरी पाणी वाईट ठरत नाही, आणि हेही लक्षात ठेवा, यंत्र गप्प राहिलं म्हणून पाणी चांगलंही ठरत नाही. पाण्यासाठी ते यंत्र बाजूला ठेवा.

पावसाची गोष्ट मला फार आवडते, खरं सांगायचं तर. जमिनीतून, खडकातून रेडॉन नावाचा वायू सतत वर येत असतो. तो हवेत फुटतो आणि त्याचे जे पुढचे अणू तयार होतात, शिशाचे नि बिस्मथचे, ते धुळीच्या कणांना चिकटून तरंगत राहतात. कोरड्या दिवसांनंतर वळवाची पहिली जोरदार सर आली की ती सर सगळी हवा धुऊन काढते आणि ते कण गच्चीवर, बाल्कनीत, रस्त्यावर उतरतात. मातीचा वास येतो त्याच घटकेला यंत्राचा आकडा चढतो. या अणूंचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे फुटून जायला लागणारा वेळ, 20 ते 27 मिनिटांचं असतं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा जागेवर येतो. बुधवारी सकाळी यंत्र काय दाखवत होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण ते परत 0.12 च्या आसपास आलं असणार. जावयांना विचारा, यंत्रात जुन्या नोंदी राहतात. पुढच्या पावसात त्यांनी घड्याळ लावून बसावं, आकडा कसा चढतो नि उतरतो ते त्यांना स्वतःला दिसेल. माझ्या सांगण्यापेक्षा त्याने त्यांची भीती लवकर जाईल.

आणि 0.23 म्हणजे किती? ते तासाला 0.23 मायक्रोसिव्हर्ट आहे; अंगाला किती किरणोत्सर्ग लागतो ते मोजायचं हे एकक. वर्षभर, अष्टौप्रहर तो आकडा तसाच राहिला असता तरी बेरीज 2,000 मायक्रोसिव्हर्टच्या आसपास गेली असती. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी 2,400 मिळतात. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या थोरियम असलेल्या खनिजाची वाळू आहे, तिथे काही गावांत निसर्गातूनच याच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग मिळतो, पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात. तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. तुमच्या यंत्राचा गजर कुठे लावलाय? 0.20 वर असणार. तो काढून 1 वर लावा. ओटा, पाऊस यांच्यापायी उगीच वाजणार नाही. कधी 1 च्या वर गेलाच तर आधी यंत्र दुसऱ्या खोलीत नेऊन बघा, सोसायटीत नुकतंच कुणी थायरॉइडचं किंवा हाडांचं स्कॅन करून आलंय का ते विचारा, कारण त्या इंजेक्शनमधले अणू एक-दोन दिवस अंगात असतात आणि यंत्राला ते लगेच कळतात. तसं काही नसेल, आकडा तासन्‌तास वरच राहिला असेल, तर तिथून दूर व्हा आणि 112 ला कळवा.

खरा इशारा कसा असतो तेही सांगते, म्हणजे मेसेज आणि इशारा यातला फरक कळेल. 28 एप्रिल 1986 ला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याचे बूट तपासणीच्या यंत्राने पकडले. तो अणुभट्टीच्या भागात गेलेलाच नव्हता. आधी त्यांना वाटलं आपल्याकडेच गळती आहे. मग देशातल्या दुसऱ्या ठिकाणांचे आकडे बघितले, तिथेही वाढ. तेव्हा कळलं की हे बाहेरून, वाऱ्याबरोबर आलंय. हजार किलोमीटरहून लांब असलेल्या चेर्नोबिलला दोन दिवस आधी अपघात झाला होता आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. एका यंत्राने संशय दिला, खात्री दुसऱ्या-तिसऱ्या यंत्राने केली. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर मोजणीच्या केंद्रांचं जाळं उभारलंय, ती चोवीस तास आकडे घेत असतात. खरोखर काही झालं तर ते एका बाल्कनीत दिसत नाही. आजूबाजूच्या अनेक केंद्रांवर आकडा चढतो आणि पाऊस थांबल्यावर उतरत नाही.

तुमच्याकडे आलेल्या मेसेजमध्ये गावाचं नाव, वेळ, मोजलेला आकडा, एकक, मोजणाऱ्या संस्थेचं नाव यातलं काही होतं का? 2025 च्या मे महिन्यातही पाकिस्तानातल्या किराणा हिल्समधून किरणोत्सर्ग पसरतोय असे मेसेज घरोघरी फिरले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तेव्हा स्पष्ट सांगितलं की तिथल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही.

तरीही तुम्ही खिडक्या लावून बसलात यात मला काही चुकीचं दिसत नाही. पुण्यातल्या आपल्या वयाच्या घरांना ‘सगळं ठीक आहे’ या वाक्यावर विसंबायला जड जातं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. आदल्या रात्रभर धरणावर जवान वाळूची पोती रचत होते आणि इकडे पेठांमध्ये लोक नेहमीसारखे सकाळच्या कामाला लागले होते. आमच्या घरी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की अजून पाणी म्हटलं की आईचा चेहरा डोळ्यासमोर येतो. लोकांना वेळेवर, स्वच्छ शब्दांत सांगितलं नाही की पुढच्या पिढ्या प्रत्येक अफवेला धावतात. मोजणीचे आकडे शहराच्या चौकात, मराठीत, एककासकट दिसायला हवेत असं माझं ठाम मत आहे. हवेच्या प्रदूषणाचे दिसतात तसे.

आयोडीनच्या गोळ्या मागवू नका. मागवल्या असतील तर देऊ नका. त्या फक्त किरणोत्सर्गी आयोडीनसाठी असतात, अणुभट्टीच्या अपघातात, प्रशासनाने सांगितल्यावर, ठरल्या वेळी घ्यायच्या. युरेनियमवर त्यांचा शून्य उपयोग. पाजणाऱ्या आईने उगीच घेतल्या तर आयोडीन दुधातून बाळाकडे जातं आणि तान्ह्याची थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. जावयांना हे माझ्या नावाने सांगा. त्यांनी यंत्र आणलं, गोळ्या शोधल्या, ते लांबून जे सुचलं ते करत आहेत. त्यांना खरं उपयोगाचं काम देऊ या.

ते काम म्हणजे पाण्याची तपासणी. उंड्री 2017 ला महापालिकेत आली, पण बोअर आणि टँकर काही सुटले नाहीत, तेव्हा हे कधीतरी करायलाच हवं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पाण्याचा रिपोर्ट असेल, त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, पीएच (आम्लता), कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) असेल. युरेनियम बहुधा नसेलच, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि फोनवर सरळ विचारा, आयसीपी-एमएसवर (धातूचा अगदी सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर) युरेनियम करता का आणि ते तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, त्यात आम्ल घातलेलं असतं, ती विसळायची नाही. माझ्याकडे एकदा एक बाई लोणच्याच्या बरणीत पाणी घेऊन आल्या होत्या, धुतलेल्या, पण झाकणाला अजून मोहरीचा वास होता. त्या पाण्याचा रिपोर्ट काय देणार? त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटलं, दोन बस बदलून आल्या होत्या.

तीन नमुने घ्या: बोअरचा, पंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवून थेट पाइपातून, गच्चीच्या टाकीतून नव्हे. टँकरचा, टँकर रिकामा होत असताना. आणि तुमच्या स्वयंपाकघरातला आरओ असेल तर त्याच्या नळाचा. सोबत नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्मही करून घ्या, त्यांच्या बाटल्या वेगळ्या असतात. टँकरवाला पाणी कुठून भरतो ते विचारून लिहून ठेवा, कारण टँकरचा स्रोत आठवड्याला बदलतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय शिवाजीनगरलाच आहे, तुमच्या भागातल्या विहिरींच्या नोंदींबद्दल तिथे चौकशी करता येईल.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. कुणी मिलिग्रॅममध्ये लिहितं, कुणी मायक्रोग्रॅममध्ये, कुणी पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जातले भाग. 0.03 मिलिग्रॅम, 30 मायक्रोग्रॅम आणि 30 पीपीबी एकच. ‘4’ मायक्रोग्रॅम बघून रडणारे आणि ‘0.04’ मिलिग्रॅम बघून निर्धास्त झालेले, दोन्ही मी पाहिलेत, आणि दोघंही चुकत होते, कारण 0.04 मिलिग्रॅम म्हणजे 40 मायक्रोग्रॅम.

काय येईल? पंजाबचा माळवा, राजस्थान, तेलंगण, कर्नाटकातलं कोलार, अशा ठिकाणी भूजलात युरेनियम मर्यादेवर सापडलंय. आपण बेसॉल्टवर बसलोय, त्यात युरेनियम कमी, म्हणून तुमचा आकडा लहान येईल अशी माझी अपेक्षा आहे. पण अपेक्षेवर बाळाला पाणी पाजू नये, म्हणून तपासा. 30 च्या वर आलाच तर पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओचं पाणी घ्या, अंघोळ-धुण्याला तेच बोअरचं चालेल, कातडीतून ते आत जात नाही. कमिटीपुढे रिपोर्ट ठेवा आणि महिन्याने तपासणी पुन्हा करा.

लेकीबद्दल शेवटचं. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य तिच्यासमोर टाळा, मी स्वतः ते माझ्या सुनेला म्हणून बसले आहे आणि तिने पुढे महिनाभर मला काहीच सांगितलं नाही. बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, रात्रीतून दहादा उठून ती यंत्र बघत असेल, जेवण जात नसेल, तर हे फक्त बातमीचं भय नाही. बाळंतपणानंतर मनाला असं होतं, त्याला औषध आहे आणि पाजताना चालणारी औषधंही आहेत. प्रसूती केली त्या डॉक्टरांकडे तिला घेऊन जा, तुम्ही सोबत बसा.

आज रात्री नातू उठला की बाटली भरायला जाऊ नका. लेकीच्या पाठीशी उशी द्या, बाळ तिच्या हातात द्या, यंत्र दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवा. तो चिडला, रडला तर अर्ध्या तासाने परत लावा. रिपोर्ट आला की तिन्ही नमुन्यांचे आकडे एककासकट मला पाठवा, मी बघून उत्तर देते.